गावच्या स्मारकावर आधी कमान की आधी नावे?

मूळ मत (शिक्षिका, खानापूर तालुका)

आमच्या गावच्या मारुतीच्या देवळाच्या भिंतीत संगमरवराची एक लहान पाटी बसवलेली आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अशा पाट्या गावोगावी लावल्या. गावातून १९१४ ते १९१९ या काळात किती जण लढाईवर गेले आणि त्यांतील किती जणांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. दरवर्षी देवळाला चुना देताना आमची पाटीही रंगून जाते. परवा मी नखाने अक्षरे मोकळी केली, तेव्हा शेवटचा आकडा दिसला, तीन. ते तिघे कोण, हे मी गावातल्या सर्वांत वयस्कर माणसांना विचारले. एकालाही सांगता आले नाही.

आता ही पाटी काढून तेथे ग्रॅनाइटची कमान, वर बंदूकधारी जवानाचा पुतळा आणि खाली देणगीदारांची नावे असा बेत ठरतो आहे. माझे मत स्पष्ट आहे: त्या तिघांची नावे सापडेपर्यंत कमानीचे काम सुरू करू नये. इराकमधील बसऱ्याच्या युद्ध स्मारकावर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, परंतु साध्या हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या दिली गेली. अशा असमान स्मरणाबद्दल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने (महायुद्धांतील मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेने) २०२१ मध्ये माफी मागितली. त्यांच्याच अहवालानुसार अंदाजे ४५,००० ते ५४,००० मृतांच्या वाट्याला हा भेदभाव आला. परक्यांनी जे केले आणि शंभर वर्षांनी चूक म्हणून मान्य केले, तेच आपण आपल्या पैशाने पुन्हा का करावे?

उत्तर (माजी सुभेदार, बेळगाव तालुका)

बाई, आपल्या भावनेचा मी आदर करतो, पण आपल्या निष्कर्षाशी सहमत नाही. ज्या बेळगावात १९२२ पासून मराठा पलटणींचे प्रशिक्षण केंद्र आहे, त्याच्या आसपासच्या गावांत अशी घरे आहेत जिथे तिरंग्यात गुंडाळलेला मुलगा परत आला आणि आई आजही जिवंत आहे. तिला सांगायचे काय? शंभर वर्षांपूर्वीच्या तिघांचा शोध लागेपर्यंत तुझ्या मुलाचे नाव दगडावर येणार नाही, असे? दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर २०१९ मध्ये स्वातंत्र्योत्तर काळातील पंचवीस हजारांहून अधिक नावे कोरली गेली. पण दिल्लीला जाणे त्या माउलीला जमत नाही. तिला गावच्या चौकात हात टेकायला एक दगड हवा आहे. देणगीदारांची नावे नकोत, याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे. कमान कशासाठी आणि कोणासाठी, याचा विसर तिथूनच पडतो.

उत्तर (निपाणी)

मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. १९१४ चे शिपाई इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढले. पोटासाठी गेले, हे मान्य. परंतु त्यांची पाटी म्हणजे सरकारने भरती वाढवण्यासाठी केलेला गौरव होता. खानापूर तालुक्यात नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे, इंग्रजांविरुद्ध लढल्याबद्दल ज्याला त्यांनी १८३१ मध्ये फाशी दिली. त्याच तालुक्यात इंग्रजांच्या सैन्यातील माणसांना त्याच मानाने आठवायचे, हे मला पटत नाही.

उत्तर (चंदगड)

निपाणीकरांनी पहिल्या महायुद्धातला इराकमधील कूत शहराचा वेढा आठवावा. १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलपर्यंत तिथे अडकलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या. अन्न संपल्यावर घोड्याचे मांस वाटले गेले. धर्मापायी अनेक हिंदी शिपायांनी बराच काळ ते नाकारले. २९ एप्रिलला शरणागती झाली आणि पुढे कैदेतच हजारो मेले. या माणसांनी साम्राज्य निवडले नव्हते. ज्यांना दुष्काळाने आणि कर्जाने घराबाहेर काढले, त्यांच्याकडून राजकीय हिशेब मागणे मला अन्यायाचे वाटते.

माझ्या पणजोबांचे चांदीचे पदक होते. आजीने ते निपाणीच्या सोनाराकडे मोडून सुनेसाठी जोडवी करून घेतली. त्या काळी त्यात चूक नव्हती, पण त्या पदकाच्या कडेवर पणजोबांचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. ती जोडवी अजून आईच्या पायात आहेत आणि नाव वितळून गेले.

उत्तर (खानापूर)

भाषेविषयी थोडक्यात. दगडावर मराठी आणि कन्नड दोन्ही हव्यात. मराठा पलटणींत कन्नड घरातले जवानही होते आणि आहेत, आणि 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही पलटणीची युद्धघोषणा तेही तितक्याच जोराने देतात. हा वाद स्मारकाच्या दारात आणू नये.

उत्तर (मूळ मत मांडणारी)

सुभेदार साहेबांच्या त्या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कमान थांबवावी, हे मी मागे घेते. जुनी पाटी मात्र काढू नये. ती कमानीच्या आतल्या भिंतीत बसवावी आणि तिच्याखाली तीन ओळी मोकळ्या ठेवाव्यात. निपाणीकरांशी मी सहमत नाही, कारण रायण्णाचा मान या तिघांमुळे कमी होत नाही.

शोध अशक्य नाही. कमिशनच्या नोंदींत अनेक शिपायांच्या पुढे वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. अडचण स्पेलिंगची आहे, शिवाय आडनाव गाळलेले असते आणि जिल्ह्यांच्या हद्दी बदललेल्या आहेत. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते, आणि बेळगावला लागून असलेले शहापूर तर सांगली संस्थानात. म्हणून चंदगडच्या भावांनाही विनंती करते की घरातल्या पत्र्याच्या ट्रंका उघडाव्यात. नाणे समजून ठेवलेले एखादे पदक निघाले, तर त्याची कडा उजेडात तिरपी धरून वाचावी. कडेवरची अक्षरे बारीक आणि इंग्रजीत असतात. माझ्याकडे पाठवलीत तर मी वाचून देईन.