म्युकर कशामुळे झाला: साखर की स्टेरॉइड?

कोपरीकर: २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेतल्या म्युकरचं, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचं, खापर अजून स्टेरॉइडवरच फोडलं जातं. मला पटत नाही. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जगभर दिलं, मग इतके रुग्ण भारतातच का? हा आजार आपल्याकडे कोविडच्या आधीपासूनच जास्त, आणि मधुमेह घरोघरी. साखर हाताबाहेर जाऊन किटोॲसिडोसिस झाला, म्हणजे रक्तात आम्ल वाढलं, की रक्तातलं प्रथिनांना बांधलेलं लोह सुटं होतं. बुरशी त्याच्यावरच पोसते.

घोडबंदरची_मी: पण ती साखर चढवली कुणी? स्टेरॉइडनेच ना? आमच्या सोसायटीत ऑक्सिजन ९७ असताना लोक तापाच्या दुसऱ्या दिवशी स्टेरॉइड घेत होते, तेही व्हॉट्सॲपवर फिरलेली चिठ्ठी मेडिकलवर दाखवून. कोविडवरच्या औषधांच्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोनचा डोस रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, आणि फायदा दिसला तो ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांनाच. हे २०२० मध्येच जाहीर झालं होतं. जगभर दिलं हो, पण असं दिलं का?

सानपाडा_७०५: इंडस्ट्रियल ऑक्सिजन आणि ह्युमिडिफायरमधलं (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीतलं) नळाचं पाणी दोघंही विसरलात. बुरशी त्यातून शिरली नसेल कशावरून?

घोडबंदरची_मी: शंका रास्त आहे. पण ज्यांना ऑक्सिजन लागलाच नाही त्यांनाही म्युकर झाला, त्यांचं काय? भारतातल्या १६ रुग्णालयांतल्या सप्टेंबर ते डिसेंबर २०२० च्या रुग्णांचा अभ्यास आहे. त्यात कोविडनंतरच्या म्युकरशी दोन गोष्टींचा स्वतंत्र संबंध दिसला: कोविडमुळे ऑक्सिजन घटणं आणि स्टेरॉइडचा चुकीचा वापर.

कोपरीकर: ताई, त्याच अभ्यासात सर्वांत जास्त आढळलेला मूळ आजार कोणता? अनियंत्रित मधुमेह!

घोडबंदरची_मी: हो, पण कोविड झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही गटांत. म्हणजे फरक पडला तो दुसऱ्याच कशाने. शिवाय कोविडनंतर म्युकर झालेल्यांपैकी ३२.६ टक्के लोकांना कोविड सोडून दुसरा आजारच नव्हता. त्यांना कुठली साखर चिकटवणार?

वाशी_लॅबवाला: मध्ये बोलतो, माफ करा. 'स्टेरॉइडने डायबिटीस झाला' म्हणत आलेल्या कित्येकांचं एचबीएवनसी आधीच चढलेलं असायचं. ती रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, आठवड्याभराच्या गोळ्यांनी एवढी हलत नाही. साखर आधीपासून होती, तपासली नव्हती इतकंच. कोपरीकरांचं अगदीच चूक नाही.

घोडबंदरची_मी: मग गोळी लिहिण्याआधी ग्लुकोमीटरची एक सुई टोचायला डॉक्टरांचा हात कुणी धरला होता?