सांडपाण्याचं तळं हिरवं होण्याऐवजी गुलाबी दिसतंय

गायरान_कोपरा:
गाव २,००० लोकसंख्येचं, जमीन काळी. गटारीचं सगळं पाणी गायरानातल्या दोन तळ्यांत सोडलंय. दोन्ही वरून १५ बाय १० मीटर. पहिलं ३ मीटर खोल, दुसरं दीड. आत ५०० मायक्रॉनचा शेततळ्याचा कागद. सहा महिने झाले, दुसरं तळं गुलाबीसर दिसतंय आणि पहाटे सडक्या अंड्यांचा वास सुटतो. पुढे पाणी ठिबकला द्यायचंय. सुरुवात कुठून करावी?

पाटकरी:
आधी पाणी मोजा. माणशी ५५ लिटर पुरवठा, त्यातलं ८० टक्के गटारीत, म्हणजे दिवसाला ८८ घनमीटर. सरासरी सेकंदाला एक लिटर. इनलेटला, म्हणजे पाणी तळ्यात शिरतं तिथे, २० लिटरची बादली धरा आणि तासातासाला वेळ लिहा. सकाळी ६ ते ९ ती सात-आठ सेकंदांतही भरेल.

तुमच्या दुसऱ्या तळ्यात, बांधाचा उतार धरला तर, २०० घनमीटरही मावत नाही. पाणी जेमतेम दोन दिवस थांबतं. पाणी साफ करणारं हिरवं शेवाळ धरायला किमान सात दिवस हवेत, म्हणजे ६१६ घनमीटर. गुलाबी रंग गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंचा. तळ्यावर भार जास्त झाल्याची ती खूण. पहिलं तळं राहू द्या, दुसरं वाढवा. पुढे १ मीटर खोल तिसरं करा, चार दिवस थांबेल एवढं. जंतू तिथे मरतात.

ओव्हरसियर_काका:
हिशोब बरोबर, पण खोदाईआधी गोठे बघा. शेण धुतलेलं पाणी गटारीला असेल तर तळं दुप्पट करूनही वास जाणार नाही. शेण सुकंच उचलून उकिरड्यावर किंवा गोबरगॅसला न्यायचं, गोठ्याच्या धुवणाला वेगळा खड्डा. काळ्या रानात शोषखड्डा लवकर तुंबतो, त्यामुळे घरोघरी मॅजिक पिट (शोषखड्ड्याचाच प्रकार) खणून प्रश्न मिटेल असं धरू नका.

इनलेटआधी तिरपी जाळी, फट २० मिमी, दाताळ्याने ओढता येईल अशी, मागे गाळकुंडी. जाळी रोज साफ व्हायला हवी. कडबा अडकला की गटार मागे फुगते आणि मग कुणीतरी जाळीच उपसून फेकतं! इनलेट-आऊटलेट समोरासमोर नकोत, तिरक्या कोपऱ्यांत घ्या. आऊटलेटला टी (इंग्रजी T आकाराचा पाइपचा जोड) जोडून तोंड पाण्याखाली फूटभर ठेवा, म्हणजे वरची साय पुढे जात नाही. पावसाळ्यात जादा पाणी बाहेरून काढायला सांडवा लागेलच.

निधी: स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत. तुमचे ५ लाख ६० हजार.

ठिबकवाली:
शेवाळाचं पाणी थेट ठिबकला देऊ नका, ड्रिपर महिन्याभरात बुजतील. आधी वाळूचा फिल्टर, मग डिस्क फिल्टर. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक वाढला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा. संडासाच्या टाक्यांचं पाणी गटारीला असेल तर हे पाणी मेथी-कोथिंबीर-काकडीला अजिबात नको. ऊस, नेपियर गवत, बांबूला चालेल. आणि पाण्याचा ईसी (एकूण क्षार) आणि एसएआर (सोडियमचं प्रमाण) तपासा: काळ्या रानात साबणाचा सोडियम साचला की माती चिकट होते, निचरा बसतो.

गायरान_कोपरा:
इनलेट-आऊटलेट समोरासमोरच आहेत. पंधरा-वीस गोठे गटारीलाच जोडलेत. तळं वाढवेपर्यंत वासाला काय करावं?

ओव्हरसियर_काका:
गोठ्यांची गटारीची जोडणी आजच तोडा. तो भार कमी झाला की वास उतरू लागेल, रंगाला थोडे आठवडे लागतील. तोवर पहिल्या तळ्यावरची साय काढू नका, ती वास दाबते.