सही जुळली नाही तर काय होतं

"टपाली मतदान म्हणजे आंधळा कारभार" असं कुणीतरी म्हटलं, ते पटलं नाही. कॅलिफोर्नियात पाकिटावरची सही आधी मतदाराच्या नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात, मगच पाकीट उघडतं. एकदा माझीच अडकली. घाईत, गाडीच्या बॉनेटवर पाकीट ठेवून केलेली! काउंटीचं (म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या निवडणूक कार्यालयाचं) पत्र आलं, सोबतच्या फॉर्मवर नीट सही करून पाठवली, मत धरलं गेलं. शिवाय मोजणीनंतर १ टक्का मतदान विभाग सोडत काढल्यासारखे निवडून त्यांच्या मतपत्रिका हाताने मोजतात, आणि ते बघायला कुणीही जाऊ शकतं. निकालाला आठवडे लागतात ही चिडचिड मात्र रास्त आहे. आणि हो, आमच्याकडे ही पाकिटं टाकायची मतपेटी वाचनालयाच्या दारातच असते. पुस्तकं परत करायच्या फटीत मतपत्रिका सरकवणारे महाभागही पाहिलेत.