अ‍ॅनालिसिसचं प्रूफ वाचताना कळतं, लिहायला बसलं की डोकं ब्लँक

कॅल्क्युलसला मला कायम चांगले मार्क, पण रिअल अ‍ॅनालिसिस (कॅल्क्युलसमधली प्रत्येक गोष्ट काटेकोर सिद्ध करायचा विषय) सुरू झालं आणि पार वाट लागलीये. लेक्चरला मान डोलावतो, रूमवर कोरा कागद घेतला की पहिली ओळ सुचत नाही. काल एक्सचा वर्ग 2 या पॉइंटला कंटिन्युअस आहे एवढंच दाखवायचं होतं, म्हणजे उत्तरात कितीही लहान फरक (एप्सिलॉन) ठरवला तरी एक्सने 2 पासून किती अंतराच्या (डेल्टा) आत राहायचं ते सांगायचं, तर पुस्तकात पहिल्याच ओळीत "डेल्टा म्हणजे 1 आणि एप्सिलॉन भागिले 5 यातलं लहान". हा 5 कुठून टपकला?? असं कुणाला सुचतं तरी कसं?

प्रतिसाद 1
सुचत नाही रे, रफ वहीत काढतात आणि मग फेअर करताना रफ दाखवत नाहीत. शेवटाकडून सुरू कर. एक्स वर्ग वजा 4 लहान करायचंय, अवयव पाड: एक्स वजा 2 गुणिले एक्स अधिक 2. पहिला डेल्टाच्या ताब्यात आहे, दुसरा मोकाट, म्हणून आधीच ठरवायचं की 2 पासून 1 पेक्षा लांब जायचं नाही, मग एक्स 1 ते 3 मधेच राहतो आणि एक्स अधिक 2 हे 5 च्या आत. हाच तुझा 5.

प्रतिसाद 2
वरचं बरोबर, पण माझ्या मते खरी गोची "प्रत्येक" आणि "असा एक" यांच्या क्रमात असते. 0 ते 1 च्या खुल्या इंटरव्हलवर 1 भागिले एक्स घे, प्रत्येक पॉइंटला डेल्टा मिळतो पण 0 कडे सरकलास की तो बारीक होत जातो, सगळीकडे चालेल असा एकच डेल्टा नाही, म्हणून कंटिन्युअस आहे पण युनिफॉर्मली नाही. आणि लाजू नकोस, मोठमोठे गणितज्ञही इथे चुकलेत: कोशीने 1821 मधे लिहिलं होतं की कंटिन्युअस फंक्शन्सच्या कन्व्हर्जंट सिरीजची (जिची बेरीज ठराविक किमतीकडे जाते अशी) बेरीज कंटिन्युअसच असते, आबेल या गणितज्ञाने 1826 मधे साइनची सिरीज दाखवून त्याला अपवाद काढला!

प्रतिसाद 3
मी प्रूफ झाकून लिहायचो, अडलो की फक्त पुढची एक ओळ बघायचो. नंतर एखादी अट काढून प्रूफ कुठे फुटतं ते बघायचं. बंद इंटरव्हलवर (टोकं धरून) कंटिन्युअस फंक्शन बाउंडेड असतं ना, म्हणजे किमती एका मर्यादेतच राहतात, ते प्रूफ खुल्यावर (टोकं सोडून) लाव, त्यातली सबसीक्वेन्स (पॉइंट्सच्या यादीतून निवडलेली, एका लिमिटकडे जाणारी यादी) मिळेल पण तिचं लिमिट टोकाला जाऊन इंटरव्हलबाहेर पडू शकतं. वेळ फार खातं हे, पण पाठांतरापेक्षा परवडलं.

मूळ प्रश्नकर्ता
2 ऐवजी 3 ला केलं, 7 आला. मग घन घेऊन परत 2 ला, तिथे 19 येतोय, बरोबर ना?

प्रतिसाद 1
9 अधिक 6 अधिक 4, बरोबर. आता 1 भागिले एक्स 2 ला करून बघ, तिथे डेल्टा 1 पेक्षा मोठा घेतलास तर काय होतं तेही लिही.