प्राध्यापकांना शिकवायला मदत हवी, ती प्रशिक्षण केंद्रात की वर्गात?

टिळकवाडी (धागा सुरू करणारे)

मी बेळगावातील एका पदवी महाविद्यालयात एकवीस वर्षे अर्थशास्त्र शिकवत आहे. प्राथमिक शाळेत शिकवायचे तर डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड.) लागते, हायस्कूलला बी.एड. लागते, महाविद्यालयात मात्र एम.ए. आणि नेट किंवा के-सेट (राष्ट्रीय किंवा कर्नाटकाची पात्रता परीक्षा) एवढ्यावर माणूस वर्गात उभा राहतो, आणि कसे शिकवावे हे त्याला कोणीही शिकवलेले नसते. ही उणीव सरकारलाही ठाऊक होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली, पुढे त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. तेथील ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे प्राध्यापकांसाठीचे प्रशिक्षणवर्ग मीही केले आहेत. व्याख्याने चांगली होती, परंतु परत आल्यावर माझ्या सोमवारच्या तासात त्यामुळे काय बदलले, असे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. प्रमाणपत्र बढतीच्या फाइलला लागले आणि विषय तेथेच मिटला.

खरी मदत झाली ती एका सहकाऱ्याकडून. मी विनंती केल्यावरून ते बी.ए.च्या पहिल्या सेमिस्टरच्या तासाला मागच्या बाकावर बसले. त्यांनी वहीत बाकांचा नकाशा काढला होता आणि जो विद्यार्थी बोलला त्याच्या जागी टिंब दिले होते. तास संपल्यावर पाहिले तर सगळी टिंबे पहिल्या दोन बाकांवर होती. ‘समजलं ना?’ असे मी अकरा वेळा विचारले होते आणि अकराही वेळा उत्तर तेथूनच आले होते. पुढच्या तासाला मी प्रत्येकाकडून ‘मागणीची लवचिकता म्हणजे काय’ हे एका ओळीत, हव्या त्या भाषेत, चिठ्ठीवर लिहून घेतले. भाव बदलला की मागणी किती बदलते, हे त्याचे उत्तर; निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांवर मात्र ‘मागणी वाढणे’ एवढेच होते.

म्हणून माझे म्हणणे असे की प्रत्येक विभागात दरवर्षी एका विषयासाठी, एका सेमिस्टरपुरती, दोन प्राध्यापकांची जोडी ठरवावी. सेमिस्टर सुरू होण्याआधी दोघांनी बसून शेवटी विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे हे लिहावे, त्यावरून चाचण्या ठरवाव्यात आणि मग तासांची मांडणी करावी. नंतर तीन-चार तासांना एकमेकांच्या वर्गात बसावे.

खानापूरकर

सर, आपल्या तळमळीबद्दल शंका नाही, पण हा विचार पक्की नोकरी असलेल्या माणसाचा आहे. मी अतिथी व्याख्याता आहे. माझी नेमणूक त्या त्या वर्षापुरती असते आणि मानधन शिकवलेल्या कामावर मिळते. दुपारी बस धरून दुसऱ्या महाविद्यालयात जायचे असते. माझ्या वर्गात मागच्या बाकावर कोणी वही घेऊन बसला तर तो मदतीला आला आहे, असे मी कसे समजावे? पुढच्या जूनमध्ये मला बोलवायचे की नाही हे ठरवणाऱ्यांच्या टेबलावर ती वही पोहोचणार नाही याची हमी कोण देणार? आमच्या भागातील अनेक महाविद्यालयांत शिकवण्याचा मोठा भार अतिथी व्याख्यात्यांवर आहे. आधी पदे भरा, मग अध्यापन सुधारण्याच्या गोष्टी करू.

निपाणीकर

माझा आक्षेप निराळा आहे. विषयाची मांडणी आपल्या हातात आहेच कुठे? अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते, प्रश्नपत्रिका विद्यापीठातून येते. कर्नाटकाने २०२१-२२ पासून २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीची चार वर्षांची रचना आणली आणि २०२४-२५ पासून ती सोडून पुन्हा तीन वर्षांची पदवी केली. अवघ्या तीन वर्षांत दोनदा घडी मोडली. नवी पुस्तके हाती येईपर्यंत अभ्यासक्रमच बदलला, तेव्हा मांडणीचे मार्गदर्शन द्यायचे असेल तर ते अभ्यास मंडळाला द्यावे.

प्रशिक्षण केंद्रांविषयीही आपण थोडा अन्याय करीत आहात असे वाटते. माझ्या महाविद्यालयात माझ्या विषयाचा मी एकटाच आहे, मग जोडी कोणाशी जमवायची? माझ्या विषयाची तीस माणसे एका ठिकाणी मला प्रथम भेटली ती रिफ्रेशरमध्येच. त्यातील दोघांशी मी आजही प्रश्नसंचांची देवाणघेवाण करतो.

उद्यमबाग

मी विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकवली. ‘शेवटी विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे’ हे आम्ही मानांकनासाठी अनेक वर्षे लिहीत आलो. कोर्स आउटकमचे तक्ते होते, प्रत्येक चौकटीत एक, दोन किंवा तीन आकडा भरायचा असे. समिती येण्याच्या आदल्या रात्री मागील वर्षाचा तक्ता उघडून त्यातील तारखा बदलणारे मी पाहिले आहेत. चांगली कल्पना एकदा नमुन्याच्या कागदावर आली की तिचे काय होते हे पाहिल्यामुळे मला ‘प्रत्येक विभागात, दरवर्षी’ या शब्दांचीच भीती वाटते.

टिळकवाडी

उद्यमबाग यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. ‘प्रत्येक विभागात, दरवर्षी’ हे शब्द मी मागे घेतो. ज्याला हवे त्याने मागावे, आणि कोणताही कागद प्राचार्यांकडे, विभागप्रमुखांकडे किंवा नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फाइलमध्ये जाऊ नये.

निपाणीकर सर, एकट्या प्राध्यापकाने दुसऱ्या विषयाचा सहकारी घ्यावा. माझे ते सहकारी इतिहासाचे होते, आणि त्यांना अर्थशास्त्र येत नव्हते म्हणूनच त्यांचे लक्ष मुलांकडे राहिले. घटक विद्यापीठाने ठरवले तरी उदाहरणे आणि अंतर्गत चाचणीतील प्रश्न आपलेच असतात. आमच्या वर्गात मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झालेली, पीयूसीला (अकरावी-बारावीला) प्रथमच इंग्रजी पुस्तकांशी गाठ पडलेली मुले असतात, शेजारी कन्नड माध्यमातील मुले असतात. लवचिकतेचा घटक मी नंतर पुस्तकातल्या व्याख्येऐवजी निपाणीच्या तंबाखूपासून सुरू केला. भाव चढला तर ओढणारा विडी सोडतो का, आणि टोमॅटो महागला तर आई काय करते, एवढे दोनच प्रश्न विचारले आणि तिन्ही भाषांत बोलू दिले. इंग्रजी व्याख्या शेवटी फळ्यावर लिहिली. यासाठी कोणत्याही मंडळाची परवानगी लागली नाही.

निपाणीकर

उदाहरण आवडले. तरीही सांगतो, सेमिस्टरच्या शेवटी प्रश्नपत्रिकेत ‘व्याख्या लिहा’ असेच येणार असेल तर मुले तंबाखू विसरून गाइड पाठ करतील. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना कोणी शिकवत नाही तोवर मी माझ्या मतावर ठाम आहे.

टिळकवाडी

खानापूरकर सर, आपल्या प्रश्नाला मजजवळ पुरेसे उत्तर नाही. पदे भरलीच पाहिजेत, आणि ज्याची नेमणूक दरवर्षी टांगणीला आहे त्याच्यावर निरीक्षण लादणे हा जुलूम ठरेल. परंतु पदे भरेपर्यंत आपल्यासारख्याने वर्गात एकट्यानेच झुंजावे, हे मला पटत नाही.

खानापूरकर

मग उलट करू. आधी मी आपल्या वर्गात बसतो, नकाशा मी काढतो. वही आपल्याला देऊन टाकीन. त्यानंतर आपल्याला माझ्याकडे बोलवायचे की नाही, हे मी ठरवीन.

टिळकवाडी

मान्य आहे. गुरुवारी सव्वाअकराला तास आहे, खोली पहिल्या मजल्यावर आहे. मागच्या बाकावरील मुलांना मी आधी सांगून ठेवतो.