घरून ऑफिसच्या फाइल: ४४५ पोर्ट उघडू का?

धरमपेठकर:
नागपुरात धरमपेठेत माझं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे. सहा जण, त्यातल्या दोघी आता घरूनच काम करतात: एक वर्ध्याहून, एक काटोलहून. क्लायंटचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, सगळं एकाच विंडोज मशीनच्या शेअर्ड फोल्डरमध्ये. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर जायच्या. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नवी फायनल’ यातल्या जुन्याच एक्सेलवरून रिटर्न भरलं गेलं. रिव्हाइज्ड भरावं लागलं, क्लायंटची बोलणी खाल्ली ती वेगळीच. नेटवाला म्हणतो, राउटरमध्ये ४४५ उघडून देतो, पाच मिनिटांचं काम. देऊ का उघडू?

तारवाला:
नका भाऊ! ४४५ म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगचं दार. फाइल अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस मे २०१७ मध्ये त्याच दारातून जगभर पसरला. रिमोट डेस्कटॉपचा (दुरून ऑफिसचं मशीन चालवायची सोय) पोर्ट ३३८९ पण उघडा ठेवू नका. नंबर बदलला तरी उघडे पोर्ट शोधत फिरणारे स्कॅनवाले हुडकतातच. व्हीपीएन लावा, म्हणजे घरापासून ऑफिसपर्यंत नेटवरूनच कुलूपबंद खाजगी वाट. त्यातलं वायरगार्ड फुकट आहे, एकच यूडीपी पोर्ट लागतो, आणि किल्ली नसेल त्याला तो उत्तरच देत नाही. आधी राउटरमध्ये वॅन आयपी पाहा, म्हणजे नेट कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता.

धरमपेठकर:
१००.७२ ने सुरू होतो.

तारवाला:
मग विषयच संपला, तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता नेट कंपनीनं बऱ्याच ग्राहकांत वाटलाय. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता नेट कंपनीचा आतला असतो. नेटवाल्यानं पोर्ट उघडला असता तरी बाहेरून कोणी पोचलं नसतं. (वर पैसे मागितले असते!) एक तर स्टॅटिक आयपी (बाहेरून दिसणारा स्वतःचा कायमचा पत्ता) घ्या, नाही तर टेलस्केल. तेही वायरगार्डवरच चालतं, पण पोर्ट उघडावा लागत नाही.

महालची ताई:
टॅली असेल तर तिचं फोल्डर व्हीपीएनवरून थेट उघडू नका. एक तर रखडतं, त्यात मध्येच नेट तुटलं की डेटा बिघडतो. आमच्याकडे मार्चएंडलाच झालं. व्हीपीएनमधून रिमोट डेस्कटॉपनं ऑफिसच्याच मशीनवर काम करू द्या. त्या मशीनवर विंडोज प्रो हवं, होमवर जमत नाही. आणि एका मशीनवर एका वेळी एकच जण, म्हणजे दोघींना दोन मशीन. सोडून गेलेल्यांची लॉगिन बंद केली नं? आमच्या एका मुलाचं आठ महिने चालू होतं.

धरमपेठकर:
आत्ताच पाहिलं. दिवाळीत सोडून गेलेल्याचं चालूच आहे. तेच आधी बंद करतो. पण भर मे महिन्यात दुपारी लाइट गेली नि मशीन बंद पडलं तर?

महालची ताई:
यूपीएस लावा, आणि बायोसमध्ये (मशीनची विंडोजच्याही आधीची मूळ सेटिंग) लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हायची सेटिंग चालू करा. नाही तर कुलूप उघडायला ४५ डिग्रीत तुम्हीच जाल.