मदत हवी आहे: बुरशीच्या जोड्यांमधली पुसट रेघ कशी वाचायची?

मोहरीची खोडकूज झालेली खोडं चिरून आतले उंदराच्या लेंड्यांसारखे काळे स्क्लेरोशिया (बुरशीच्या कडक गाठी) काढले आणि त्यांतून स्क्लेरोटिनिया स्क्लेरोशियोरम या बुरशीचे 14 आयसोलेट (वेगळे काढलेले नमुने) वाढवले. लाल खाद्यरंग घातलेल्या बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर (बुरशी वाढवायच्या माध्यमावर) त्यांच्या जोड्या लावल्या, कोणते एकमेकांशी जुळतात ते बघायला. बहुतेक जोड्या सरळ वाचता आल्या: मिसळल्या तर एकच गट, मधे लाल रेघ उमटली तर वेगळा. पण दोन प्लेटमधली रेघ इतकी पुसट आहे की रोज उजेडाला धरून बघते, तरी ठरत नाही. ही बुरशी स्वफलित (जोडीदाराशिवाय स्वतःच फलन करणारी), म्हणून एका शेतात एखादाच क्लोन (जनुकीयदृष्ट्या एकसारखा वंश) सापडेल असं मला वाटलं होतं. एसएसआर मार्कर (डीएनएतले फरक दाखवणाऱ्या खुणा) लावण्याआधी तंतूच्या टोकापासून शुद्ध कल्चर करून जोड्या पुन्हा लावू का? हे काम स्वतः केलेल्यांनी कृपया सांगा, फार अडले आहे.